रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

वाचकाचं पत्र:

डॉक्टर, आम्ही सांगलीजवळ राहतो. माझे मिस्टर ४३ वर्षांचे, माध्यमिक शाळेत शिक्षक. अंगानं किडकिडीत, सुपारीचंही व्यसन नाही. घरात मटण-मासे शिजत नाहीत, फक्त अंडी चालतात. गेल्या वर्षी शाळेतल्या तपासणी शिबिरात त्यांचं कोलेस्टेरॉल २५१ निघालं. एलडीएल १७४, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड्स २०५. डॉक्टरांनी रोझुव्हास्टॅटिन १० ची गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी एलडीएल ९५ वर आलं, तेव्हा "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून यांनी गोळी बंद केली. त्याला आता आठ महिने झाले. विषय काढला की चिडतात. मोबाइलवर आलेले मेसेज दाखवतात: अमेरिकेनं कोलेस्टेरॉलचं बंधनच काढून टाकलंय, या गोळीनं लिव्हर खराब होतं, शुगर होते. सासूबाई रोज अर्जुनसालीचा काढा देतात. मी तूप बंद केलं तर त्यांनी माझ्याशी अबोला धरला. अंडी बंद केली, कोलेस्टेरॉल-फ्री तेल आणलं. आता वाटतं, गोळी कुटून यांच्या चहात घालावी. चालेल का? तूप खरंच बंद करायचं का? आणि ही गोळी जन्मभर घ्यायची असते का? मोठी मुलगी १६ ची आहे, धाकटा मुलगा ११ चा. जाता जाता सांगायचं राहिलं, माझे सासरे ४८ व्या वर्षी झोपेतच गेले. अटॅक होता म्हणतात. यांच्या धाकट्या भावाला मात्र काही त्रास नाही.

– एक वाचक, सांगली

ताई, आधी चहाचं सांगते. गोळी चहात घालू नका. तुमच्या मनात हे का आलं ते मला कळतं, आणि असा विचार करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. पण उद्या त्यांचे पाय दुखायला लागले, तर त्यांना स्वतःला आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनाही कारण कळणार नाही. दुसऱ्या एखाद्या आजारासाठी डॉक्टरांनी "काही औषधं चालू आहेत का?" विचारलं, तर ते "नाही" म्हणतील. मनात आणून त्यांनी स्वतःच गोळी परत सुरू केली, तर दुप्पट डोस जाईल. आणि हे कधीतरी त्यांच्या लक्षात आलंच, तर तुमच्या हातचा चहासुद्धा ते संशयानं पितील. जे औषध वर्षानुवर्षं घ्यायचं आहे, ते घेणाऱ्याच्या संमतीशिवाय चालत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या ओळीकडे येते. ती तुम्ही "जाता जाता" लिहिलीत. सासरे ४८ व्या वर्षी गेले, ही ती ओळ. मला हे पत्र घेऊन कुणी दवाखान्यात भेटलं असतं, तर २५१ आकड्याच्या आधी मी याबद्दल विचारलं असतं. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर त्याला अकाली हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास म्हणतात. अशा घरातल्या माणसाचं १७४ एलडीएल (धमन्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल) आणि ज्याच्या घरात सगळे ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत जगले त्याचं १७४ यांच्याकडे एकाच नजरेनं बघता येत नाही. कागदावर आकडा सारखा दिसतो, धोका सारखा नसतो.

शिवाय आपण दक्षिण आशियातली माणसं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली आले. त्यात असं दिसलं की आपल्या भागातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक येण्याचं मधलं वय ५३ होतं, म्हणजे इतर देशांतल्या लोकांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. मधलं वय ५३, म्हणजे निम्म्यांना त्याच्याही आधी. तेव्हा "अजून त्रेचाळिसावंच तर चालू आहे" असं तुमचे मिस्टर म्हणत असतील, तर हा आकडा त्यांना जरूर सांगा. शिक्षक आहेत, त्यांना अर्थ लगेच कळेल.

सासऱ्यांविषयी अजून थोडी माहिती काढायला हवी, आणि ती फक्त सासूबाईंकडे आहे. ते विडी-तंबाखू घेत होते का? बीपी, शुगर होती का? आधीचे काही दिवस जिना चढताना छाती भरून यायची का, धाप लागायची का, "पित्त झालंय" म्हणत होते का? सासऱ्यांचे भाऊ-बहिणी कशानं गेले, किती वयाचे होते? झोपेत अचानक आलेल्या मृत्यूमागं बहुतेकदा हृदय असतं, पण दर वेळी तसंच असतं असं नाही, म्हणून हे प्रश्न विचारायचे. सासूबाईंजवळ शांतपणे बसून विचारा. तूप बंद केल्यावर अबोला धरणाऱ्या या बाईंनी तरुणपणीच नवरा गमावला आहे. मुलासाठी रोज काढा उकळतात तेव्हा त्यांच्या मनात काय चालत असेल याचा विचार करा. त्या तुमच्या विरोधात नाहीत. दोघींनाही एकाच गोष्टीची धास्ती आहे.

"मी तर किडकिडीत, शाकाहारी, निर्व्यसनी, मग मलाच कसं?" हा प्रश्न तुमच्या मिस्टरांच्या मनात नक्की असणार. प्रश्न रास्त आहे. रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा मोठा वाटा आपलं यकृतच तयार करतं. ते किती करायचं आणि रक्तातून किती उचलायचं, हे बऱ्याच अंशी जन्मतःच ठरलेलं असतं. मटण न खाल्ल्यानं ते बदलत नाही. आणि किडकिडीतपणाचं म्हणाल, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक उदाहरण मधुमेहाच्या क्षेत्रात जगभर सांगितलं जातं. ते स्वतः आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. २००४ साली दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बाहेरून बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात, यकृताभोवती चरबी असू शकते, हे त्यातून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलं. घरात शिंप्याची टेप असेल तर मिस्टरांचं पोट बेंबीच्या रेषेत मोजून बघा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. हातपाय काटक्यांसारखे आणि पोट ९४ असे कितीतरी शिक्षक, कारकून, दुकानदार मी रोज बघते.

त्यांच्या रिपोर्टमध्येही तेच दिसतंय. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २०५ आणि एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३६, म्हणजे एक वर, एक खाली. ही जोडी आपल्या लोकांत फार आढळते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत दर तीन प्रौढांमागे साधारण दोघांचं एचडीएल कमी होतं. ट्रायग्लिसराइड्स वाढण्याचं मुख्य कारण बहुतेक वेळा तेल-तूप नसतं. साखर, मैदा आणि भात-पोहे-साबुदाण्याची रेलचेल हे कारण असतं, वर बैठं काम. शाळेत स्टाफरूममध्ये दिवसभरात किती चहा होतात आणि प्रत्येकाबरोबर किती बिस्किटं, ते एकदा विचारा. एचडीएल मात्र औषधानं ओढून वर न्यायच्या मागं लागू नका. तशा औषधांवर मोठे अभ्यास झाले, आकडा वाढला, पण अटॅक कमी झाले नाहीत. चालणं वाढलं, पोट उतरलं, की एचडीएल थोडंफार आपसूक वर येतं.

आता "नॉर्मल" या शब्दाविषयी. लॅबच्या कागदावर आकड्यासमोर जी मर्यादा छापलेली असते, ती सगळ्यांना सरसकट असते. त्या मशीनला तुमचे सासरे माहीत नसतात. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ साली भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कमी धोका असलेल्यांनी एलडीएल १०० च्या खाली ठेवावं असं सांगितलंय, मधुमेह-रक्तदाबासारखा जास्त धोका असलेल्यांनी ७० च्या खाली, आणि ज्यांना आधीच अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलाय त्यांनी ५५ च्या खाली. तुमच्या मिस्टरांना १०० पुरे की ७० गाठायचे, हे बीपी, शुगर आणि आणखी एका तपासणीवर ठरेल, त्याविषयी पुढे सांगते. म्हणजे ज्या ९५ वर त्यांनी गोळी सोडली, तो आकडा कदाचित त्यांच्यासाठी पुरेसा नव्हताच. आणखी एक हिशेब घरच्या घरी करता येतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा: २५१ वजा ३६, उरले २१५. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीत साचू शकणारं सगळं मिळून इतकं. हा आकडा कमी धोका असलेल्यांसाठीसुद्धा १३० च्या आत हवा.

ती दुसरी तपासणी म्हणजे लायपोप्रोटीन-ए. लॅबवाले 'एलपी-ए' म्हणतात. हा कोलेस्टेरॉलचाच एक चिकट प्रकार, पूर्णपणे आनुवंशिक. पथ्यानं, व्यायामानं तो फारसा हलत नाही. आपल्या लोकांत वाढलेला बऱ्याचदा सापडतो. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो. आयुष्यात एकदा केली तरी चालते. वडील ४८ व्या वर्षी गेलेल्या माणसानं ही तपासणी करून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच वेळी थायरॉइडची टीएसएच आणि शुगरची एचबीएवनसी करून घ्या. थायरॉइड मंदावलेलं असेल तरी एलडीएल वाढतं, आणि मग आधी उपचार थायरॉइडवर करायचा असतो.

गोळीकडे येऊ. तुमच्या मिस्टरांची चूक समजण्यासारखी आहे, कारण ताप-खोकल्याला आपण हेच करतो. बरं वाटलं की औषध थांबवायचं. पण इथं ९५ हा आकडा गोळी चालू असतानाचा होता. स्टॅटिन (रोझुव्हास्टॅटिन याच गटातली गोळी) यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करतं. मग यकृताला कोलेस्टेरॉलची गरज भासते, ते आपल्या पेशींवर एलडीएल पकडणारे जास्त 'ग्राहक' (रिसेप्टर) बसवतं, आणि ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. हे ग्राहक शोधून काढणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. गोळी थांबली की यकृत जुन्या सवयीवर येतं, आणि काही आठवड्यांत आकडा पूर्वीच्या जागी. म्हणजे गेले आठ महिने बहुधा त्यांच्या धमन्यांमधून १७४ च्या आसपासचंच एलडीएल फिरतंय, आणि त्यांना काहीच जाणवत नाहीये. जाणवणारही नाही. कोलेस्टेरॉल दुखत नाही, चक्कर आणत नाही. म्हणूनच ते सोडून देणं इतकं सोपं असतं.

धमनीत काय होतं ते नीट समजून घ्या, कारण त्यावर "जन्मभर का?" या प्रश्नाचं उत्तर अवलंबून आहे. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नळात गाळ साचून नळ तुंबल्याचं चित्र असतं. तसं होत नाही. एलडीएलचे कण धमनीच्या अस्तरातून आत, भिंतीतच घुसतात. तिथं शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना गिळायला येतात, चरबीनं फुगतात, मरतात, आणि वर्षानुवर्षं भिंतीत एखाद्या गळवासारखा मऊ साठा तयार होतो, वर पातळ पापुद्रा. हा साठा रक्ताच्या वाटेत फक्त तीस-चाळीस टक्के आला असला तरी पुरतो. एक दिवस पापुद्रा फाटतो, आतला ऐवज रक्ताला लागतो, तिथं काही मिनिटांत गुठळी धरते आणि धमनी बंद पडते. हाच हार्ट अटॅक. म्हणून महिन्याभरापूर्वी ट्रेडमिलची तपासणी चांगली आलेल्या माणसालाही अटॅक येतो आणि लोक म्हणतात, "अहो, परवाच तर सगळं नॉर्मल होतं." स्टॅटिननं नवा साठा होणं मंदावतं, आणि असलेल्यातली मऊ चरबी घटून पापुद्रा जाड, पक्का होतो. त्याला वेळ लागतो, आणि औषध चालू असेपर्यंतच ते होतं.

तर हो, ही गोळी बहुतेकांना कायमची घ्यावी लागते. तिची सवय लागते म्हणून नव्हे. सोडली तर दारू सोडल्यासारखा काही त्रास होत नाही. कारण एवढंच की यकृताचा स्वभाव कायमचा असतो. खाणंपिणं आणि वजन खरंच बदललं तर डोस कमी करता येईल. पण सासऱ्यांचा इतिहास बघता गोळी पूर्ण सुटेल असं आश्वासन मी तुम्हाला देणार नाही.

तिचा फायदा किती? ज्यांना आधी कधी अटॅक आलेला नाही अशाच पुरुषांवर पश्चिम स्कॉटलंडमध्ये एक अभ्यास झाला, १९९५ साली त्याचे निष्कर्ष आले. ४५ ते ६४ वयाचे ६,५९५ पुरुष, कोलेस्टेरॉल चढलेलं. निम्म्यांना स्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पाचेक वर्षांत स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये अटॅक आणि त्यानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पुढे जगभरातले असे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमनं उतरलं की हृदयाचे आणि मेंदूचे मोठे झटके साधारण एक पंचमांशानं घटतात, असा हिशेब निघाला. तुमच्या मिस्टरांचं एलडीएल त्या तीन महिन्यांत ७९ नं उतरलं होतं. यावरून तुम्हीच अंदाज बांधा.

त्यांच्या भीतीची टिंगल मात्र करू नका. ती भीती पूर्णपणे निराधार नाही. यकृताचे एन्झाइम काहींमध्ये थोडे वाढतात, पण यकृत खरोखर खराब होणं अतिशय विरळ. सुरुवातीला एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करून घेतली की काम भागतं. शुगरचं खरं आहे: स्टॅटिननं मधुमेहाची शक्यता थोडी वाढते, मुख्यतः ज्यांची शुगर आधीच काठावर आहे त्यांच्यात. अशा माणसांनाही गोळीनं टळणारे अटॅक बघता तिचा फायदाच जास्त होतो. पण एचबीएवनसी आत्ताच करा म्हणते ते म्हणूनच, म्हणजे उद्या दोष कुणाला द्यायचा याचा घोळ नको. अंगदुखीवर २०२० साली लंडनमध्ये फार बोलका अभ्यास झाला. अंगदुखीसारख्या त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले ६० जण घेतले. वर्षभरात काही महिने खरी गोळी, काही महिने पोकळ, औषध नसलेली गोळी, काही महिने काहीच नाही, आणि कुठल्या महिन्यात कुठली गोळी ते त्यांना माहीत नाही. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्यातला ९० टक्के पोकळ गोळीच्या महिन्यांतही झाला. त्रास खोटा नव्हता, दुखत खरंच होतं, पण त्यातलं बरंचसं दुखणं गोळी घेतोय या भीतीचं होतं. स्वतःचे आकडे बघितल्यावर त्यांतल्या निम्म्यांनी गोळी परत सुरू केली. हे मिस्टरांना वाचून दाखवा. मात्र गोळी चालू असताना स्नायू फार दुखायला लागले, अशक्तपणा आला आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, हेही त्यांना सांगून ठेवा.

अमेरिकेच्या मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, म्हणून तो इतका फिरतो. २०१५ च्या अमेरिकी आहार-सूचनांतून, रोजच्या खाण्यात ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल नको ही आकड्याची अट निघाली. कारण खाल्लेल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर बहुतेकांत थोडाच परिणाम होतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं तरी चालेल, असं कुणीही म्हटलेलं नाही. आणि तूप-लोणी-खोबरेल यांसारखी संपृक्त चरबी मर्यादेत ठेवा, ही सूचना तशीच कायम आहे.

यातच अंड्याचं उत्तर आलं. आठवड्यात तीन-चार अंडी तुमच्या मिस्टरांना खुशाल द्या. डब्यातल्या साबुदाण्यापेक्षा उकडलेलं अंडं कितीतरी बरं. कोलेस्टेरॉल-फ्री तेलाला जास्त पैसे घालवू नका. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल मुळात नसतं. प्रश्न प्रमाणाचा आहे. वाण्याची गेल्या तीन महिन्यांची यादी काढून तेलाचे किती पुडे आले ते मोजा. तुमच्यासारख्या पाच जणांच्या घरात तेल-तूप मिळून महिन्याला अडीच ते तीन लिटर पुरायला हवं. बहुतेक घरांत हिशेब केला की पाच-साडेपाच निघतात, आणि कुणाचाच विश्वास बसत नाही. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. खारी, टोस्ट, नानकटाई, पफ यांत वनस्पती तुपाचा हात सढळ असतो. आपल्याकडे २०२२ पासून त्यातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली, ते चांगलंच झालं, पण मैदा आणि संपृक्त चरबी आहेच.

तूप पूर्ण बंद करू नका. वरणभातावर एक छोटा चमचा घरचं कढवलेलं तूप, दिवसातून एकदा, एवढ्यानं त्यांचा अटॅक येणार किंवा टळणार नाही. पण तुपात साठ टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी असते, आणि ते एलडीएल वाढवतं, हेही तितकंच खरं. तेव्हा पोळीला लावायचं तूप, शिऱ्यातलं, लाडवांतलं कमी करा, वरणावरची धार राहू द्या. ती धार सासूबाईंनाच घालू द्या. त्याच्या बदल्यात ताटात वाढवायचं काय, तर मटकी, मूग, हुलगे, घेवडा, मेथी, गवार. ज्वारीची भाकरी तुमच्याकडे असेलच, पोळीच्या जागी ती जास्त वेळा येऊ दे. रोज दोन चमचे इसबगोल पाण्यातून घेतल्यानंही एलडीएल थोडं उतरतं. गोळीएवढं नाही, पण गोळीच्या सोबतीला चांगलं. सांगलीच्या माणसाला भडंग सोडा असं मी म्हणणार नाही. फक्त संध्याकाळी डबा उघडून बसायचं नाही, वाटीत काढून घ्यायचं.

काढ्यावरून भांडू नका. अर्जुनसालीवर स्टॅटिनसारखे हजारो माणसांचे, वर्षानुवर्षांचे अभ्यास झालेले नाहीत, त्यामुळे गोळीच्या जागी काढा हे मला अजिबात मान्य नाही. पण गोळीबरोबर काढा घ्यायचा असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, म्हणजे तेही लक्ष ठेवतील.

राहिलं ते मिस्टरांशी बोलणं. सासूबाईंसमोर, मुलांसमोर हा विषय काढू नका. मुलांसमोर बायको औषधावरून टोकते हे कुठल्याही शिक्षकाला आवडत नाही. ते चिडतात तेव्हा माझ्या मते गोळीवर चिडत नाहीत. वडील ४८ व्या वर्षी गेले, तेव्हा ते स्वतः कुठल्या वयाचे होते? बहुधा शाळा-कॉलेजात असावेत. आता त्या वयाला पाच वर्षं राहिली आहेत. रोज सकाळी गोळी तोंडात टाकणं म्हणजे रोज सकाळी ते आठवणं, असं अनेक पुरुषांचं होतं. ते बोलून दाखवत नाहीत, "मला काही झालेलं नाही" म्हणतात. तेव्हा "गोळी घ्या" असं म्हणण्याआधी एकदा वडिलांबद्दल विचारून बघा. त्या दिवशी काय झालं, कुणी कळवलं, घरी कोण होतं. नुसतं ऐका. त्या दिवशी गोळीचं नावही काढू नका.

मग एखाद्या रविवारी म्हणा, "आपण दोघं तपासून घेऊ." दोघं, कारण तुमचीही तपासणी व्हायला हवी. तुमचं वय तुम्ही लिहिलं नाहीत, पण चाळिशीच्या आसपास असाल. पाळी जायच्या सुमाराला बायकांचं एलडीएल चढतं, आणि घरातल्या बाईचा रिपोर्ट नेहमी सगळ्यात शेवटी निघतो. उपाशीपोटी जायची सक्ती आता बहुतेकांना नसते, डॉक्टरांना विचारून घ्या. गोळीशिवायचा आजचा आकडा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, की गेल्या वर्षीचं ९५ कुणाचं होतं हे त्यांचं त्यांना कळेल. तुम्ही सांगायची गरज पडणार नाही.

डॉक्टरांकडे दोघांनी जा, आणि प्रश्न कागदावर लिहून न्या: माझ्यासाठी एलडीएल किती हवं, १०० च्या खाली की ७० च्या? एलपी-ए करायची का? गोळी लागलीच तर परत तपासणी कधी? सहसा सहा ते आठ आठवड्यांनी करतात. रोझुव्हास्टॅटिन दिवसात केव्हाही घेतली तरी चालते, तेव्हा रात्री विसरत असतील तर सकाळी दात घासल्यावर घेऊ देत. किमतीची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात ती स्वस्तात मिळते. काही कारणानं त्यांना या गोळीचा त्रास झालाच, तर दुसरं स्टॅटिन, कमी डोस, एझेटिमाइब हे वेगळ्या गटातलं औषध असे पर्याय आहेत. डॉक्टरांना न सांगता बंद करणं एवढंच टाळायचं.

दिरांना त्रास नाही म्हणता. मिस्टरांना तरी कुठे आहे? तेही त्याच बापाचे मुलगे. त्यांना लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची हीच रक्ततपासणी) आणि बीपी तपासायला सांगा, आणि ते तंबाखू-सिगारेट घेत असतील तर तो धोका कोलेस्टेरॉलच्या जोडीला बसतो, हेही सांगा. मुलांचीही एकदा तपासणी करा. २०२४ च्या सूचनांप्रमाणे पहिली तपासणी १८ व्या वर्षी, पण घरात असा इतिहास असेल तर त्याआधीच. मुलांना भीती घालू नका, शाळेच्या तपासणीसारखंच एक रक्त द्यायचंय म्हणा. मुलांपैकी कुणाचं एलडीएल १६० च्या वर निघालं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. काही घरांत हा दोष एकाच जनुकातून थेट उतरतो, आणि लहानपणी सापडला तर फार काही वाचवता येतं.

शेवटचं, आणि हे आजच करून ठेवा. तुमच्या घराजवळ रात्री दोन वाजताही ईसीजी निघेल असं रुग्णालय कोणतं, ते शोधून त्याचा नंबर मोबाइलमध्ये टाका, मुलीच्याही. छातीच्या मध्ये दाब, जडपणा, तो जबड्यात, खांद्यात, हातात उतरणं, दरदरून घाम, मळमळ, कारण नसताना धाप, यांतलं काही अचानक झालं आणि दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, तर ओवा-सोडा देत बसायचं नाही, "गॅस असेल" म्हणून सकाळची वाट बघायची नाही, आणि त्यांना स्वतः गाडी चालवू द्यायची नाही. १०८ ला फोन लावायचा. सासूबाईंनाही हा नंबर पाठ करायला सांगा.